दोन दोऱ्या की चार? नागपूरच्या वाऱ्यात पहिला स्पोर्ट काइट निवडताना

संक्रांत झाली की आपल्याकडे चक्री माळ्यावर जाते आणि पतंगाचा विषय वर्षभरासाठी मिटतो. स्पोर्ट काइटचा, म्हणजे दोन किंवा चार दोऱ्यांनी हवेत हवा तसा वळवता येणाऱ्या पतंगाचा, हंगाम मात्र त्यानंतरच सुरू होतो. जानेवारीत नागपूरचा वारा मंद असतो. कागदी पतंगाला तो पुरतो, कारण त्याचं वजनच काही ग्रॅम असतं. कार्बन किंवा फायबरग्लासच्या काड्या, रिपस्टॉप (फाटलं तरी चीर पुढे न वाढणारं) कापड आणि दीड ते अडीच मीटरचा पंखविस्तार असलेल्या पतंगाला ताशी आठ-दहा किलोमीटरचा सलग वारा लागतो. असा वारा आपल्याकडे उन्हाळा तापू लागला की मिळतो. मे, जून, जुलै हे इथले सर्वात वाऱ्याचे महिने. तेव्हा आकाशात मांजाही नसतो, आणि ही सोय फार मोठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. ट्रिक्स शिकायच्या असतील तर दोन दोऱ्यांचा डेल्टा, म्हणजे काड्यांच्या सांगाड्याचा त्रिकोणी पतंग, घ्या. पण काही लोकांना मी स्वतःच दुसरं काहीतरी सुचवेन. ते का, हे कळण्यासाठी हे पतंग हातात कसे वागतात ते बघावं लागेल.

इथे पेच नाही आणि काटाकाटी नाही. दोऱ्या ठरावीक लांबीच्या, बहुधा २० ते २५ मीटर, आणि त्यांचे पट्टे दोन्ही हातांत. डावा हात ओढला की पतंग डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे. दोन्ही सारखे धरले की नाकासमोर पळतो. इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी १९७२ मध्ये असा पतंग बाजारात आणला आणि तो घराघरांत पोचला. कल्पना त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात पॉल गार्बर यांनी तोफचींच्या सरावासाठी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग केला होता. विमानासारखं वळणारं, डुबकी मारणारं लक्ष्य हवं म्हणून.

आपल्या नागपुरी हाताला यातलं निम्मं आधीच येतं. खेच दिली की पतंग सरळ सुटतो आणि ढील दिली की स्वतःभोवती फिरू लागतो, हे गच्चीवर वाढलेल्या कोणत्याही पोराला सांगावं लागत नाही. स्पोर्ट काइटच्या बहुतेक ट्रिक्स याच ढिलाईवर उभ्या आहेत. फरक इतकाच की इथे चक्रीतून दोरी सोडायची नसते. ढील द्यायची ती हात पुढे नेऊन आणि दोन पावलं पतंगाकडे चालून.

यातला सर्वात सोपा प्रकार म्हणजे फॉइल. काडी एकही नसते, कापडाच्या कप्प्यांत वारा भरून पतंग फुगतो. आपटला तरी मोडत नाही आणि घडी करून पिशवीत मावतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर डोळे मिटून हाच घ्या. पण दोरी ढिली पडली की कप्प्यांतला वारा जातो आणि पतंग कोसळतो. म्हणजे ज्यासाठी आपण आलो ती ढिलाईच याला सोसत नाही. वळणं, आठचा आकडा, जमिनीलगतची धाव एवढं शिकाल आणि तिथेच अडकाल.

डेल्टाला काड्यांचा सांगाडा असतो, म्हणून दोरी ढिली झाली तरी त्याचा आकार टिकतो. ट्रिक्सना जागा मिळते ती इथे. पहिले काही दिवस फक्त सरळ उडवणं, चौकोनी वळणं आणि अलगद उतरवणं यातच जातील आणि जाऊ द्यावेत. मग स्टॉल, म्हणजे पतंगाला हवेत जागच्या जागी थांबवणं. तो जमल्यावर ॲक्सल. थांबलेल्या पतंगाचा एक पंख किंचित झुकवायचा, वरच्या पंखाच्या दोरीला मनगटाचा छोटासा झटका द्यायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात पुढे सोडून द्यायचे. दोऱ्यांना झोळ पडतो, पतंग पोटावर आडवा होऊन एक संथ गिरकी घेतो आणि पुन्हा नाक वर करून उभा राहतो. नवखा माणूस झटका जोरात देतो आणि हात पुढे न्यायला विसरतो. चुकतं ते नेमकं एवढंच. गच्चीवर ढील देणाऱ्याचा हात मात्र आपोआप पुढे जातो, आणि मी डेल्टाचा आग्रह धरतो तो त्यासाठीच. पुढे फेड, बॅकस्पिन, लेझी सुझन अशी मोठी वाट आहे. त्या सगळ्यांत दोरी कधी ताणायची यापेक्षा कधी सोडायची हेच शिकायचं असतं.

डेल्टाचा जाच म्हणजे चालणं. नाकावर आपटला की हातातले पट्टे खाली ठेवून २५ मीटर जायचं, तो उभा करायचा आणि परत यायचं. पहिल्या संध्याकाळी हे तीस-चाळीस वेळा होतं. सोबत कुणी असेल तर काम निम्मं होतं. आपटायची वेळ आली की घाबरून मागे ओढू नका. पतंगाकडे धावा आणि दोन्ही हात पुढे फेका, म्हणजे धक्का मरतो. हे कळायच्या आधी मी एका पऱ्हाटीच्या वावरात पुढच्या कडेची काडी मोडून घेतली होती. उभ्या पऱ्हाट्यांच्या खुंटांनी कापडही वीतभर फाटलं.

चार दोऱ्यांच्या पतंगाची चालच निराळी. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या हॅड्झिकी भावंडांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘रेव्होल्यूशन’ आणला आणि हा प्रकार रुजला. प्रत्येक हातात एक वाकडी मूठ, तिच्या वरच्या टोकाला एक दोरी आणि खालच्या टोकाला एक. खालची दोरी ब्रेकसारखी. मनगट कलवलं की पतंग थांबतो, उलटा मागे जातो, आडवा सरकतो, मधला बिंदू न हलवता पंख्यासारखा फिरतो. शिकायला सुरुवातीला अवघड आहे. पहिल्या तासाभरात तो तुमचं काही ऐकणार नाही. किंमतही डेल्टाच्या साध्या संचाच्या दुप्पट-तिप्पट. पण नाकावर पडला तरी तो जागेवरूनच पुन्हा उचलता येतो. त्यामुळे एकट्याने उडवणाऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना आणि गिरक्यांपेक्षा अचूकपणा आवडणाऱ्यांना मी हाच सांगेन. ‘आधी डेल्टा आला पाहिजे’ असं काही नाही. दोन्हींत हातांच्या सवयी इतक्या वेगळ्या आहेत की थेट चारवरून सुरुवात केली तरी बिघडत नाही.

आता दोरी. नागपुरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. या पतंगांना डायनीमाची दोरी लावतात. ती ताणत नाही आणि इतकी गुळगुळीत असते की पाच-सहा पीळ पडले तरी पतंग वळवता येतो. तिला काचेचा लेप नसतो. पण ती कृत्रिम धाग्याचीच आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या ११ जुलै २०१७ च्या आदेशाने पतंगासाठी नायलॉनच्याच नव्हे, तर कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली. या शहरात दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले गेले आहेत, आणि ‘माझी दोरी वेगळी आहे’ हे रस्त्यावर उभं राहून पटवून देणं योग्यही नाही. म्हणून पतंग मागवण्याआधी ही दोरी चालेल का ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारा आणि त्यांनी नाही म्हटलं तर डायनीमाचा विषय तिथेच सोडा. सुती गोफाच्या १५ मीटर दोऱ्यांवर फॉइल चांगल्या वाऱ्यात उडतो. डेल्टाही शिकता येतो, पण दोन-तीन पीळ पडले की सुती दोऱ्या एकमेकींना धरून बसतात आणि ॲक्सलपुढची मजा जाते. पोलिसांकडून उत्तर ‘फक्त सुती’ असं आलं, तर डेल्टाबद्दलचं माझं मत मी मागे घेतो आणि फॉइलच घ्या म्हणतो. चार सुती दोऱ्यांच्या भानगडीत तर पडूच नका.

जागेचं म्हणाल, तर शहरातली मैदानं मोहात पाडतात. कस्तूरचंद पार्क मोठं आहे, पण भोवतालची झाडं आणि इमारती वाऱ्याचे भोवरे करतात आणि माणसांची ये-जा थांबत नाही. रेशीमबागेतही तेच. वेगात जाणारा डेल्टा काठीसारखा लागतो, आणि ताणलेली दोरी लेप नसतानाही कातडी कापते. तुमच्यापासून वाऱ्याच्या दिशेने अर्ध्या वर्तुळात कुणीही असता कामा नये. सोनेगाव विमानतळाच्या बाजूला तर जायचंच नाही. उमरेड रोड, काटोल रोडकडे गावाबाहेरचं पडीक रान किंवा हरभरा निघालेलं वावर मालकाला विचारून घ्या. उन्हाळवाही झालेलं नको, ढेकळांत पाय मुरगळतो. धुऱ्याजवळ सराटे असतात, दोऱ्या त्यात गुंततात. विजेच्या तारा नजरेच्या टप्प्यात असतील तर दुसरं वावर शोधा. मे महिन्यात सकाळी सहा ते आठ किंवा ऊन उतरल्यावरच. मृगाआधी वळीव चढून येतो तेव्हा वारा एकदम सुरेख वाटतो. नेमक्या त्याच वेळी पतंग उतरवायचा, ढगांचा पहिला गडगडाट ऐकू येण्याआधी.

कोणताही पतंग घ्या, पहिल्या दिवशी दोऱ्यांची लांबी तपासा. माझा पहिला डेल्टा एका विक्रेत्याकडून दोऱ्यांसकट आला होता. अख्खी संध्याकाळ तो डावीकडेच वळत राहिला आणि मला वाटलं, माझा डावा हात जड आहे. घरी येऊन दोन्ही दोऱ्यांची एकेक टोकं खिडकीच्या गजाला अडकवली आणि दुसरी टोकं ओढत अंगणाच्या फाटकापर्यंत गेलो. डावी दोरी चार बोटं आखूड होती. गाठ सोडून सारखी केली. दुसऱ्या दिवशी कन्नीचा जोड नाकाच्या दिशेने जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकवला, कारण वारा हलका होता, आणि तोच पतंग पहिल्याच ओढीत सरळ वर गेला.