मंगोल गाणं: एकत्र नोंद की वेगवेगळी?

मंगोल लोक मंगोलियापेक्षा चीनमध्ये जास्त आहेत, मुख्यतः आंतर मंगोलियात. त्यामुळे वारसा कुणाचा, हा प्रश्न उठतोच. ‘उर्तीन दू’ या दीर्घ सुरांच्या गाण्यासाठी दोन्ही देश २००५ मध्ये युनेस्कोकडे एकत्र गेले. खूमीचं, म्हणजे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन सूर काढण्याच्या कलेचं, तसं झालं नाही. युनेस्कोच्या वारसा यादीत २००९ मध्ये चीनची नोंद झाली, २०१० मध्ये मंगोलियाची वेगळी. मंगोलियात हे अनेकांना खुपलं.

मला एकत्र नोंदच सरस वाटते. जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या देशाला बलाढ्य शेजाऱ्याशेजारी बरोबरीनं सही करता येते. अर्थात, सहीनं सगळं मिटत नाही. २०२० मध्ये आंतर मंगोलियातल्या शाळांत काही विषय मंगोलऐवजी चिनीतून शिकवायचं ठरलं, तेव्हा मंगोलियाची राजधानी उलानबातारमध्येही लोक निषेधाला उतरले.