हावडा पूल: ट्राम गेल्यानंतरची प्रवाससेवा

नागपूरहून आलेल्या गाडीतून हावड्याला उतरून मी बसने पूल ओलांडला आणि गर्दीत बराच वेळ अडकलो. १९४३ साली ज्या पुलावरून सर्वांत आधी ट्राम धावली, त्याच पुलावरची ट्रामसेवा वाहतुकीचा भार वाढल्याचे कारण देऊन १९९३ मध्ये बंद करण्यात आली. एका वेळी बरीच माणसे वाहून नेणारे वाहन हटवून मोटारींना वाट मोकळी करून देणे मला आजही चुकीचे वाटते.

परतताना मी हुगळीखालून जाणारी, मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली मेट्रो घेतली. ती वेगवान, स्वच्छ आणि निःसंशय उत्तम आहे. नदी मात्र दिसत नाही. त्यासाठी घाटावरची फेरीबोट घ्यावी.