विरहाचा प्रयोग बघून आले, जाणार असाल तर पुढच्या रांगेत बसा

काल आईला घेऊन पुण्यात एका छोट्या हॉलमधे विरह या विषयावरचा नृत्याचा प्रयोग बघून आले. तिकीट ४०० रुपये, दोनेक तास, मधे चहाचा ब्रेक. नाव मुद्दाम देत नाहीये कारण तक्रारीपण करायच्यात आणि मंडळी बिचारी हौसेनं करतात.

सुरुवात गाथासप्तशतीनं. म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या दोन-दोन ओळींच्या गाथा, सातशेच्या आसपास, सातवाहन राजा हालाच्या नावावरचा संग्रह. त्यातली एक, नवरा गावाला गेलाय आणि बायको 'आज गेला, आज गेला' करत दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढतेय आणि पहिल्याच दिवशी दुपार व्हायच्या आत अख्खी भिंत भरते. भरतनाट्यम करणारी मुलगी असेल पंचविशीची, तिनं पहिली रेघ अगदी सावकाश, पाटीवर काढावी तशी काढली, मग दुसरी, मग थांबून दाराकडे बघितलं, मग भराभर, मग जागा उरेना म्हणून टाचा उचलून वर आणि शेवटी खाली वाकून कोपऱ्यात. बस. ना डोळ्यात पाणी ना कपाळाला हात. आई कानात म्हणाली, "दूधवाल्याचा हिशोब असाच असायचा गं आपल्या भिंतीवर," मला खुदकन हसू आलं, आणि तेवढ्यात ती मुलगी दोन पावलं मागे सरून नुसती त्या भिंतीकडे बघत उभी राहिली. हसू तिथंच अडकलं.

आता निवेदन. भिंत भरते हे बाईंनी आधीच सांगून टाकलेलं, मग बघायचं काय? आणि सगळ्यांना सरसकट 'विरहिणी'. अहो, नाट्यशास्त्रात प्रेमातल्या अवस्थेनुसार आठ प्रकारच्या नायिका उगाच नाही सांगितल्या! विरहोत्कंठितेचा माणूस ठरलेल्या वेळेला आला नाहीये, म्हणजे कधीही कडी वाजेल, तिचे कान दाराशी. प्रोषितभर्तृकेचा परगावी गेलाय, तिला पक्कं माहितीये आज काही येत नाही. दोघींचं वाट बघणं वेगळं, बसणंसुद्धा वेगळं, आणि मुलींनी नाचात ते बरोबर दाखवलं, माइकवर मात्र सगळ्या एकाच पिशवीत.

मधलं कवी क्षेत्रय्याचं पदम, म्हणजे अभिनयानं उलगडायचं संथ प्रेमगीत, सतराव्या शतकातलं तेलुगू, ठीकठाक. गाणं रेकॉर्डेड, त्यामुळे जिथं तिला एका नजरेवर रेंगाळायचं होतं तिथं ट्रॅक निघून गेला पुढं. अभिनयाला समोर गाणारं माणूस नसेल तर करू नये खरंच.

पैसे वसूल झाले ते शेवटच्या बैठकीच्या लावणीत. लावणी म्हणजे शिट्ट्या आणि ढोलकीचा दणका एवढंच ज्यांना माहितीये त्यांनी ही बघाच (अख्खं आयुष्य लावणीत घालवलेल्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळायला २०१२ उजाडलं, त्यात सगळं आलं). बाई पन्नाशीच्या, नऊवारी, एक गुडघा उभा करून बसलेल्या, तबला-पेटी समोर लाइव्ह. सख्याला निरोप धाडायची एकच ओळ, दहा-बारा वेळा घेतली असेल. आधी राग, मग लाडीगोडी, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसतंच बघणं, आणि एकदा तर ओळ अर्ध्यावर सोडून उरलेली फक्त भुवईनं पूर्ण केली. आईच्या तोंडून आपसूक 'क्या बात है' निघालं, जी माझ्या भरतनाट्यमच्या सात वर्षांत एकदाही निघाली नव्हती.

पण हे आम्हाला दिसलं कसं, तर उभं राहून. स्टेज जेमतेम फूटभर, त्यावर बाई खाली बसलेल्या आणि आमची सहावी रांग, समोर फक्त डोकी. शेवटी मी आणि आई भिंतीला टेकून उभ्या राहिलो, आईचे गुडघे दुखत असताना. निदान एक चौथरा तरी टाका की.

परत ठेवला तर जाणार, पण पहिल्या तीन रांगांतलं तिकीट मिळालं तरच. आणि निवेदन सुरू झालं की मी बाहेर, चहा चांगला होता.