झूम घ्यावा की तीन सुटे आयपीस? एका चष्मेवाल्याचं मत

दुर्बिणीबरोबर आलेले 25 आणि 10 चे आयपीस (डोळा लावायची भिंगं, आकडे मिमीत, आकडा लहान तेवढी पट मोठी) आता पुरेनात, पुढं काय घेऊ, असं गेल्या दोन हिवाळ्यांत चार-पाच जणांनी तरी विचारलं असेल, आणि दरवेळी मी फोनवर अर्धा तास खातो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. सगळ्यांचं बजेट साधारण सारखंच असतं आणि त्यात दोनच गोष्टी बसतात. एकतर 8-24 चा एक बरा झूम, म्हणजे फिरवून पट बदलणारा आयपीस, नाहीतर तीन सुटे आयपीस, म्हणजे 32 चा प्लॉसल जातीचा आणि 66 अंशवाल्यातले (डोळ्याला एवढा रुंद गोल दाखवणारे) 15 आणि 9. मी आधी सुटे घेतले, दीड वर्ष वापरले, मग झूमवर आलो. दोन्ही वाईट नाहीत हे आधीच सांगतो, नाहीतर निपाणीचा माझा मित्र चिडायचा. तो सुट्यांवाला आहे, आणि त्याच्या दुर्बिणीतून बघून झालं की मलाही अधूनमधून वाटतं की त्याचंच बरोबर असावं.

माझी दुर्बीण 6 इंची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ 1200 मिमी, एफ 8, म्हणजे फोकल लेंथ आरशाच्या रुंदीच्या 8 पट. त्याचीपण तीच, त्यामुळं तुलना तशी बरोबरीची आहे. 1200 ला आयपीसच्या आकड्यानं भागलं की पट मिळते, म्हणजे झूमनं मला 50 ते 150 पट मिळतं, त्याला सुट्यांतून 37, 80 आणि 133. नंतर त्यानं 6 चापण घेतला, 200 पट, पण तो वर्षातून चार रात्री चालला तरी खूप, बाकी दिवस डब्यात.

आधी सुट्यांचं कौतुक करतो, कारण ते खरंच आहे. 32 च्या प्लॉसलमधून कृत्तिका बघा, मुख्य तारे सगळे एका नजरेत मावतात आणि भोवती काळं आकाशपण उरतं. तेच माझ्या झूममध्ये 24 ला लावून बघितलं तर कृत्तिका अर्ध्याच, कारण झूमची गंमत अशी की कमी पटीला त्याचं फील्ड, म्हणजे डोळ्याला दिसणारा गोल, उलट आवळतं, 24 ला जेमतेम 40 अंश, आणि 8 कडे गेलात की 60 पर्यंत उघडतं. म्हणजे जिथं मोकळं पाहिजे तिथं नळीतून बघितल्यासारखं. प्लॉसल ही 1860 सालची व्हिएन्नाची डिझाईन, अजून कमी पटीला तिला तोड नाही असं माझं मत आहे, आणि एफ 8 ला तर कडेपर्यंत तारे टाचणीसारखे राहतात.

आणि त्याचा तो 66 अंशवाला 9. गेल्या एका कोजागिरीला तो दुर्बीण घेऊन आमच्या वडगावच्या गच्चीवर आला होता, दोन्ही डॉब शेजारी शेजारी लावले, खाली आटीव दूध, वर पोरांची लाईन. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून बघायला खरं तर सगळ्यात रटाळ, सावल्याच नसतात, पण कोजागिरीला हे कुणाला सांगणार. तर 133 पटीला त्याच्याकडे अख्खा चंद्र काठोकाठ मावत होता आणि माझ्याकडे त्याच पटीला कडा कापलेल्या. डॉबला मोटर नाही, त्यामुळं चंद्र असो की शनी, सरकत जाणारच, चार मिनिटाला एक अंश. त्याच्या अर्ध्या अंशाच्या फील्डमधनं (66 ला 133 नं भागलं की आकाशातलं एवढं मिळतं) एखादा ग्रह पार व्हायला दोनेक मिनिटं लागतात, माझ्याकडनं त्याच्या आधीच निसटतो. लाईनमध्ये दहा पोरं असली की हा फरक कळतो. त्या दिवशी पोरांची गर्दी त्याच्याकडं जास्त होती हे कबूल.

मग मी सुटे का सोडले? चष्मा.

माझा नंबर उणे 3 आणि वर सिलिंडर (डोळ्याचा पुढचा भाग नीट गोल नसल्याचा नंबर) दीडचा. नुसता उणे असता तर काहीच नाही, चष्मा काढायचा, फोकस थोडा फिरवायचा, संपलं. सिलिंडर मात्र फोकसनं जात नाही. त्यातपण एक बारकावा आहे. आयपीसच्या आकड्याला एफच्या आकड्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या गोलाची जाडी मिळते, ह्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. माझ्याकडं 32 ला ती 4 मिमी आणि 8 ला 1 मिमी. 1 मिमीला डोळ्याचा मधला छोटासा भागच कामाला लागतो, तिथं सिलिंडर जाणवत नाही. 4 मिमीला मात्र प्रत्येक तारा शेपटीवाला. म्हणजे सुट्यांबरोबर माझं गणित असं व्हायचं, 32 लावला की चष्मा घाल, 9 लावला की चष्मा काढ, परत 15 ला घातला तर बरा.

66 अंशवाल्यांना चष्मा घालून बघता येत नाही का, तर येतं, पण त्यांचा आय रिलीफ (काचेपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते) सांगायला 15 मिमीच्या आसपास, त्यातला बराचसा रबरी कपाच्या आत जातो, आणि चष्म्याची काच टेकली की कडेचा भाग दिसतच नाही. मी काही मोजलेलं नाही, पण पैसे 66 चे मोजले आणि बघतोय 45 असं कायम वाटायचं. दुर्बिणीबरोबर येतो तो 10 चा तर विचारूच नका, पापणी काचेला लागते आणि दोन मिनिटांत काच तेलकट.

तर एका फेब्रुवारीत बेळगावजवळच्या जांबोटीच्या पुढं ओळखीच्यांच्या शेतात बसलो होतो. आकाश काय होतं ते आता सांगत बसत नाही. मृगातला तेजोमेघ चालू होता, 32, मग 15, मग 9, चष्मा काढला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवला, नेहमी खिशात ठेवतो पण त्या दिवशी जर्किनच्या खिशात दुसरा आयपीस होता आणि दोन्ही एकमेकाला घासायला नकोत म्हणून. दहा मिनिटांनी पाठ अवघडली म्हणून मी त्याच स्टुलावर बसलो. पुढचं सांगायला नको. एक काडी तुटली, दुसरी वाकली, आणि तिथनं बेळगावपर्यंत रबरबँड कानाला अडकवून गाडी चालवत आलो, समोरच्या प्रत्येक लाईटीला चार-चार शेपट्या. बायकोनं दार उघडलं आणि काही बोललीच नाही, आत निघून गेली.

दुसरं म्हणजे लोकांना दाखवताना. मी चष्मा काढून फोकस केला की तो माझ्या उणे 3 चा फोकस, पुढच्या माणसाला सगळं धुरकट. झूम घ्यायच्या आधीच्या एका कोजागिरीला आमच्या काकू आल्या, त्यांचा बायफोकल, एका हातात दुधाचा ग्लास, "काय दिसंना झालंय की रे" म्हणून परत गेल्या, कारण त्यांच्या आधी मीच बघितलं होतं आणि फोकस हलवून ठेवला होता. चष्मा घालून फोकस लावला की ज्यांची नजर सरळ आहे त्यांना तो आपोआप जुळतो, ज्यांनी आपला चष्मा घातलाय त्यांनाही. एवढी साधी गोष्ट मला दीड वर्षानं कळली.

झूममध्ये हे सगळं सुटलं. रबरी कप खाली दुमडायचा, चष्मा नाकावरच, 24 पासून 8 पर्यंत फिरवत जायचं. 8 ला अगदी कडेचं थोडं कापतं, पण ते चालतं. सगळ्याच झूमना एवढी जागा असते असं नाही, म्हणून घ्यायच्या आधी जमलं तर कुणाच्या तरी दुर्बिणीवर स्वतःचा चष्मा घालून बघा, आकड्यांवर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. आपण 16 अंश अक्षांशाच्या आतबाहेर राहतो, त्यामुळं उत्तरेकडचे लोक ज्या ग्रहाला दक्षिणेत तिरका बघतात तो आपल्याकडं डोक्यावर येतो. डिसेंबर 2024 ला गुरू वृषभेत रोहिणीजवळ होता, मध्यरात्री बेळगावातनं तो जवळपास खस्वस्तिकावर, पाच-सहा अंश उत्तरेला. डॉबला नेमकी हीच जागा वाईट, नळी उभी झाली की बाजूला सरकवायला कुठं धरायचं तेच कळत नाही, जरासा धक्का लागला की गुरू गेला आणि परत शोधायला फाइंडरखाली (नळीवरची छोटी शोधदुर्बीण) मान मोडून घ्या. अशावेळी आयपीस काढायचा, स्क्रू ढिला, वजन कमी झालं की नळी हलणार, दुसरा घालायचा, परत स्क्रू, तोवर गुरू कुठल्या कुठं. झूम नुसता फिरवायचा. त्या महिन्यात मी गुरू जेवढा बघितला तेवढा आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून नसेल बघितला, अर्थात ढगपण कमी होते.

मधल्या पटीचापण फायदा आहे. एप्रिलमध्ये गच्चीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो, 150 पटीला सगळं पाण्यात पडल्यासारखं उकळतं, मग थोडं मागं फिरवत 110-115 ला आलं की एकदम बसतं. सुट्यांत 80 वरनं थेट 133. त्या रात्रीची हवा कुठपर्यंत साथ देते ते झूमला विचारायचं, असं मी तरी करतो.

आणि ओमेगा सेंटॉरी, ताऱ्यांचा दाट गोल गुच्छ. आपल्याकडनं तो दक्षिणेला 26-27 अंश वर येतो, एप्रिल-मेमध्ये वळीव आला नाही तर जांबोटी-कणकुंबीकडनं मस्त. 24 ला लावला की गुळगुळीत पेढा, मग डोळा न काढता हळूहळू फिरवत 10 पर्यंत आणायचा, कडेकडेनं तो आपल्या कुंदा मिठाईसारखा दाणेदार होत जातो. हे होताना बघणं सुट्यांत नाही, तिथं आधी पेढा दिसतो, मग अंधारात चाचपडणं, मग कुंदा. एकदा तिथं रस्त्यानं जाणारे दोघे बाईक थांबवून आले, "एन नोडाकत्तीरी सर?" (काय बघताय सर?) म्हणून. माझं कानडी बाजारापुरतं, काय सांगणार, डोळा लावा म्हटलं आणि त्यांनाच फिरवायला दिला. दोघंही फिरवतच बसले, निघायचं नाव नाही.

झूमचे दोषपण लिहितो. फिरवल्यावर फोकस थोडा लावावा लागतो, सगळे म्हणतात लागत नाही, मला लागतो. माझा पहिला झूम स्वस्तातला होता, त्यात आत काहीतरी डुगडुगायचं, फिरवला की शनी उडी मारायचा, तो परत पाठवला आणि पैसे हातात यायला दोन महिने गेले. त्यामुळं झूम घेणार असाल तर एकदम खालचा घेऊ नका, त्यापेक्षा दोन सुटे बरे. आणि जोडतारे किंवा गुरूवरचे अगदी फिकट पट्टे मित्राच्या 9 मधनं मला जरा स्वच्छ वाटतात. काचा कमी म्हणून असेल, किंवा तो शेजारी उभा राहून "बघ मर्दा" म्हणत असतो म्हणूनपण असेल.

बाकी सामानावर फार खर्च करू नका. बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं पट वाढवणारं भिंग) 2 पट घेतला तर झूमचा 4-12 होतो, पण 6 इंचाला 200 च्या वर क्वचितच काही हाताला लागतं. चंद्रासाठी फिल्टर घेतला होता, आता वापरत नाही, पट वाढवली की उजेड आपोआप कमी होतो. लाल टॉर्च विकत कशाला, गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटीन कागद दोन पदरी करून टॉर्चला लावा. दव मात्र सोसावं लागतं, नोव्हेंबरपासून पहाटे फाइंडर सगळ्यात आधी धुरकटतो, आयपीस खिशात ठेवला तर तग धरतो, आणि काच शर्टानं पुसायची नाही, आपोआप सुकू द्यायची. खुर्ची घ्या. उंची कमीजास्त होणारी असेल तर उत्तम, बसून बघितलं की दुप्पट दिसतं, आणि शेजारी चष्मा ठेवायला स्टूल लागत नाही.

जून ते सप्टेंबर दुर्बीण झाकूनच असते, तेव्हाची काळजी फंगसची. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी उघडून बघणं. सुटे चार असतील तर आठ काचा तपासा, झूम असेल तर दोनच, पण झूमच्या आत फंगस शिरली तर ती आपल्याला काढता येत नाही, हे पण लक्षात असू द्या.

म्हणजे तुमची नजर सरळ असेल किंवा नुसता उणे नंबर असेल, आणि पोरांना दाखवायचा नाद असेल, तर निपाणीकराचं ऐका, तीन सुटे घ्या, पस्तावणार नाही. चष्म्याच्या कागदावर सिलिंडरच्या रकान्यात एकच्या पुढचा आकडा असेल तर मी झूमकडं बघेन, आणि जमेल तेव्हा सोबतीला एक 32 चा प्लॉसल, कृत्तिकेसाठी. माझा तो 32 अजून माझ्याकडंच आहे. 9 आणि 15 मित्राकडं दिलेत बघायला म्हणून, दोन हिवाळे झाले, परत मागितलेले नाहीत.