एपीएम प्रोग्राम की कंपनीतल्या कंपनीत बदली?

प्रॉडक्ट मॅनेजर (उत्पादनात काय बनवायचं आणि का, हे ठरवणारा) व्हायचे हे दोन रस्ते. पहिल्याचा नमुना गूगलचा: मरिसा मेयर यांनी २००२ मध्ये सुरू केलेला असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर (एपीएम) प्रोग्राम. दोन वर्षं, दर वर्षी वेगळी टीम. शिक्षण आखीव, बरोबरीची बॅच सोबतीला. अडचण अशी की जागा मोजक्या, आणि टीम बदलली की स्वतः ग्राहकांपर्यंत पोहोचवलेल्या फीचरचं पुढे काय झालं हे बघायला आपण तिथे नसतो. नुकतीच पदवी हातात असेल तर अर्ज भराच. नोकरीत दोन-तीन वर्षं झाली असतील तर दुसरा रस्ता जवळचा.

तो आपल्याच कंपनीत टेस्टिंग, सपोर्ट किंवा डेव्हलपमेंटमधून प्रॉडक्टकडे सरकण्याचा. ग्राहकांच्या तक्रारी तोंडपाठ असतात; हे भांडवल कुठलाही कोर्स देत नाही. मार्गदर्शक मात्र आपणच गाठावा लागतो. 'मला शिकवा' म्हटलं तर कोणी वेळ देत नाही. पंधरवड्याला अर्धा तास मागा आणि आदल्या दिवशी एक पान पाठवा: समस्या कोणाची, पुरावा काय, यश कशानं मोजणार, काय करणार नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक जण कोरा सोडतात, मग स्प्रिंट (टीमच्या कामाचा ठरावीक छोटा टप्पा) फुगतो. डेव्हलपरांची आणखी एक खोड: समस्या पुरती कळण्याआधीच उत्तराचा आराखडा काढायचा. म्हणून पहिल्या पाच-सहा ग्राहकांना स्क्रीन दाखवूच नका. 'मागच्या वेळी हे काम कसं केलंत?' एवढंच विचारा.

आणि जुनं काम कधी सुटणार ती तारीख लेखी घ्या, नाहीतर दोन्ही कामं गळ्यात पडतात.