तलाव की फ्लेमिंगो? संशोधन निबंधाचा विषय निवडताना

ठाण्यात पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यांपुढचा नेहमीचा पेच. खाडीतले फ्लेमिंगो मोहक. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाल्याने वाचायलाही भरपूर. पण हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. जूनच्या सत्रात मोजणार काय?

तलाव बारमाही. तरी ‘ठाण्यातील तलावांचे प्रदूषण’ हा निबंध नव्हे, ग्रंथ होईल. त्यापेक्षा मासुंदा आणि कचराळी हे दोनच तलाव, एकच घटक: विरघळलेला ऑक्सिजन, ८ आठवडे. नमुना दर वेळी त्याच तासाला घ्या. शेवाळामुळे आकडा दुपारी चढतो, पहाटे उतरतो. विंकलर पद्धतीत (रसायनं घालून हा ऑक्सिजन मोजण्याची पद्धत) बाटलीत बुडबुडा नको आणि पहिली दोन रसायनं काठावरच घाला, नाहीतर मेहनत वाया.

एकच सत्र हाती असेल तर तलाव. वर्षभर असेल आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळता येत असतील तर फ्लेमिंगो, तेही एकाच ठिकाणाहून मोजून.