जाहिरातीचे दर आणि माध्यम-नियोजन : दहा महिने माहितीस्रोत वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीत मी दोन माणसांची एक छोटी जाहिरात-सल्ला संस्था चालवते. मुंबई-पुण्यातील मोठ्या एजन्सींकडे असतात तशी वर्गणीची महागडी सॉफ्टवेअर आम्हाला परवडत नाहीत. तरीही ग्राहकाचा प्रश्न तोच असतो : एवढ्या पैशात माझी जाहिरात किती लोकांपर्यंत पोहोचेल आणि हा दर योग्य आहे, हे कशावरून? गेल्या जूनपासून मी फुकट किंवा नाममात्र खर्चात मिळणारे जवळजवळ सगळे माहितीस्रोत प्रत्यक्ष कामात वापरून पाहिले. त्यांतले कोणते उपयोगी पडले आणि कोणत्यांनी फसगत केली, ते सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात एका चुकीने झाली. गणेशोत्सवाच्या तोंडावर एका साडी दुकानासाठी पाव पानाच्या जाहिरातीचा अंदाज द्यायचा होता. मी वृत्तपत्रांचे दर एकत्र दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावरचा प्रति चौरस सेंटीमीटर दर घेतला, आकाराने गुणला आणि ग्राहकाला लेखी कळवला. आरक्षणाच्या वेळी खरा दर बराच जास्त निघाला. पुन्हा पाहिले, तेव्हा दराखाली बारीक अक्षरांत दोन वर्षांपूर्वीची तारीख होती, तो दर आतल्या पानाच्या कृष्णधवल जाहिरातीचा होता आणि सणाच्या काळातील वाढीव आकारणी त्यात धरलेली नव्हती. फरकाची रक्कम मी माझ्या मानधनातून भरली. तेव्हापासून कोणताही दर लिहून घेताना मी पाच गोष्टी सोबत लिहिते : कोणती आवृत्ती, कोणते पान, रंगीत की कृष्णधवल, कोणत्या तारखेचा दर आणि जीएसटी धरून की वगळून. छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आणि रेडिओ, दूरचित्रवाणी व डिजिटल जाहिरातींवर १८ टक्के कर लागतो, त्यामुळे शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. अशी संकेतस्थळे कोणत्या माध्यमात जाहिरातीचे कोणते प्रकार मिळतात हे कळण्यासाठी चांगली आहेत. अंदाजपत्रक मात्र त्यांच्यावर बेतू नये.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो ज्याच्याकडे खासगी क्षेत्रातले लोक सहसा पाहत नाहीत अशा स्रोताचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जाहिराती देणाऱ्या केंद्रीय संचार ब्युरोच्या सरकारी दरांचा. ब्युरोच्या पूर्वीच्या नावावरून जुनी मंडळी त्यांना अजूनही ‘डीएव्हीपीचे दर’च म्हणतात. सरकारी जाहिरातीसाठी वृत्तपत्राचा दर त्याच्या खपावरून ठरतो, आणि म्हणूनच तो मोजपट्टीसारखा वापरता येतो. २०१९च्या जानेवारीत ठरलेला दर एक लाख प्रतींच्या दैनिकातील कृष्णधवल जाहिरातीसाठी प्रति चौरस सेंटीमीटर ४७.४० रुपये होता. नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारने तो सुमारे २६ टक्क्यांनी वाढवून ५९.६८ रुपये केला. चारशे चौरस सेंटीमीटरच्या जाहिरातीला नव्या दराने २३,८७२ रुपये पडतात, म्हणजे हजार प्रतींमागे सुमारे २३९ रुपये. खासगी जाहिरातीचा दर याहून जास्तच असतो आणि असायला हरकतही नाही. पण दोन दैनिकांचे प्रस्ताव समोर आले की मी दोन्ही हजार प्रतींमागच्या खर्चात बदलते आणि सरकारी दराच्या किती पट आहेत ते शेजारी लिहिते. एक दुप्पट आणि दुसरा साडेचारपट दिसला की बोलणी कोठून सुरू करायची, हे आपोआप कळते.

हा हिशेब खपाच्या आकड्यावर उभा आहे, आणि या व्यवसायात सर्वांत जास्त गफलत तेथेच होते. खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती आणि वाचकसंख्या म्हणजे त्या प्रती वाचणारी माणसे. बोलताना हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सप्टेंबरमध्ये एका दैनिकाचे प्रतिनिधी कार्यालयात आले होते. “मॅडम, जिल्ह्यात आमचे साडेतीन लाख वाचक आहेत,” ते म्हणाले. अंक किती विकले जातात, असे मी विचारले. “एका अंकामागे पाच वाचक धरा ना, मॅडम.” म्हणजे सत्तर हजार अंक. मी खप तपासून प्रमाणित करणाऱ्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स (एबीसी) या संस्थेचे प्रमाणपत्र मागितले. आठवड्याने ते आले आणि त्यातील जिल्हावार तक्ता पाहिल्यावर कळले, की सत्तर हजारांचा आकडा सबंध आवृत्तीचा होता आणि त्या आवृत्तीत शेजारचे दोन जिल्हेही मोडत होते. प्रतिनिधींनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही; त्यांच्या हातात कार्यालयाने जो कागद दिला होता, तो त्यांनी वाचून दाखवला.

१९४८मध्ये स्थापन झालेली ही एबीसी जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशा दोन सहामाहींसाठी खप प्रमाणित करते. संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वाधिक खपाच्या दैनिकांच्या याद्या दिसतात, परंतु नियोजनाला लागणारा जिल्हावार आणि शहरवार तपशील मूळ प्रमाणपत्रात असतो. सभासद नसलेल्या माझ्यासारखीने तो सरळ वृत्तपत्राकडे मागावा. लेखी मागितला तर बहुतेक जण देतात. सभासद नसलेल्या लहान स्थानिक दैनिकांच्या बाबतीत मात्र सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र किंवा मालकाचा शब्द एवढाच आधार उरतो, आणि आमच्या भागात तीच दैनिके तालुक्याच्या गावांत चांगली वाचली जातात. ही उणीव भरून काढणारा स्रोत मला सापडलेला नाही. मी वितरकांकडे सकाळी साडेपाचला जाऊन गठ्ठे मोजले आहेत. ते काम कष्टाचे आहे, पण एखाद्या गावापुरते उत्तर खात्रीचे मिळते.

वाचकसंख्येसाठी अजूनही इंडियन रीडरशिप सर्व्हेचा आधार दिला जातो. तीन लाखांहून अधिक कुटुंबांची पाहणी करणारे ते मोठे काम होते, पण हाती येणारे शेवटचे आकडे २०१९च्या चौथ्या तिमाहीचे आहेत. त्यानंतर कोविड आला, अनेक घरांतील अंक बंद झाला आणि सगळीकडे तो पुन्हा सुरू झाला नाही. आजच्या प्रस्तावात ते आकडे वर्तमानकाळात लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. वापरायचेच असतील, तर ‘एकूण वाचक’ म्हणजे गेल्या महिनाभरात कधीतरी वाचलेले आणि ‘सरासरी अंक-वाचक’ म्हणजे आदल्या दिवशी वाचलेले, हा भेद आधी पाहावा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि माहितीपत्रकात नेहमी पहिलाच छापतात. त्याऐवजी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा अहवाल मी प्रत्येक नियोजकाला सुचवीन. आरोग्याच्या अहवालात माध्यमांची माहिती असेल असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु आठवड्यातून एकदा तरी वर्तमानपत्र वाचणाऱ्या, टीव्ही पाहणाऱ्या, रेडिओ ऐकणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया किती आणि पुरुष किती, याचे तक्ते त्यात वास्तव्य, वय आणि शिक्षण यांनुसार दिलेले आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील ही पाहणी आता जुनी होत चालली असली, तरी तिचा जाहिरातींच्या खरेदी-विक्रीशी संबंध नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

या सगळ्याचा खरा कस लागला तो कांदा-लसूण मसाल्याच्या एका उत्पादकाच्या कामात. आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात, त्यामुळे मिरच्या बाजारात येऊ लागल्या की जाहिरात सुरू व्हावी लागते. ग्राहकाचा कल टीव्हीकडे होता. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या संकेतस्थळावर मराठी वाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी फुकट पाहता येते; पण ती महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरून असते. ज्याचा माल सांगली, कोल्हापूर आणि सातारा या तीनच जिल्ह्यांत विकला जातो, त्याने नागपूर आणि पणजीच्या प्रेक्षकांचे पैसे का भरावेत, हे मी त्यांना तो तक्ता समोर ठेवून समजावले. ते अर्धा मिनिट गप्प राहिले आणि म्हणाले, “ताई, मग पेपर आणि एसटी बघू.”

याच कामात गूगलचा कीवर्ड प्लॅनर, म्हणजे लोक कोणता शब्द किती वेळा शोधतात ते दाखवणारे साधनही वापरले. आपल्या गूगल खात्यातून जाहिरातींवर खर्च होत नसेल, तर तो शोधांचा आकडा ‘एक हजार ते दहा हजार’ अशा ढोबळ पट्ट्यांत दाखवतो. तरीही कोणत्या महिन्यात शोध वाढतात, हे त्याच्या आलेखात स्पष्ट दिसते. एकच शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे तपासावा, कारण रोमनमध्ये मराठी टंकणारे लोक पुष्कळ आहेत आणि दोन्ही आकडे वेगळे येतात. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) जाहिरात-संग्रहात प्रतिस्पर्ध्याच्या चालू जाहिराती पाहता येतात, मात्र खर्चाचा आकडा फक्त राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिरातींना असतो.

होर्डिंगच्या बाबतीत मापनाचा आधार जवळजवळ नाहीच. मी मुलाला सोबत घेऊन मिरज रस्त्यावरच्या चौकात सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास वाहने मोजली आणि त्यावरच दराची बोलणी केली. दरापेक्षाही आधी महापालिकेचा परवाना आणि बांधकाम-स्थैर्याचे प्रमाणपत्र मागावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जे होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली, त्याचा आकार अनुज्ञेय मर्यादेच्या कितीतरी पट होता. स्वस्त मिळालेल्या जागेचे कागद पाहिल्याशिवाय ग्राहकाचे नाव तेथे लावणे मला मान्य नाही.

या दहा महिन्यांत स्वतःसाठी एक वही तयार झाली आहे. दैनिक, आवृत्ती, छापील दर, प्रत्यक्षात दिलेला दर, तारीख आणि दुकानात आलेली विचारणा, असे तिचे रकाने आहेत. अठ्ठावीस व्यवहार नोंदले गेले आहेत, आणि छापील दर व प्रत्यक्ष दर यांतली दरी कोणत्या महिन्यात रुंदावते, हे आता तिच्यातूनच दिसू लागले आहे. एप्रिलच्या जाहिरातीसाठी तीन दैनिकांकडे जुलै ते डिसेंबरचे खपाचे प्रमाणपत्र लेखी मागितले होते. दोघांचे आले. तिसऱ्याचे येईपर्यंत त्यांच्या ओळीतला खपाचा रकाना मी कोरा ठेवला आहे आणि आरक्षणही थांबवले आहे.